गौरवर्णीय विशेषाधिकार

अमेरिकेसारख्या समाजात केवळ ‘गोरा’ म्हणून गणले गेल्यामुळे माणसाला न मागता मिळणारे फायदे आणि वाट्याला न येणारा संशय, या दोन्हींना मिळून गौरवर्णीय विशेषाधिकार म्हणतात. मराठीत ‘गोरा’ हा शब्द लग्नाच्या जाहिरातीत वाचायची सवय असल्यामुळे आधीच सांगायला हवे, की इथे प्रश्न कातडीच्या उजळपणाचा नाही. इथे गोरेपणा ही कायद्याने आखलेली आणि कोर्टात भांडून मिळवावी लागलेली पायरी आहे.

१७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींनाच अमेरिकेचे नागरिक होता येत असे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ही मुभा मिळाली. बाकीच्यांना मात्र आपण गोरे असल्याचे पटवून द्यावे लागे. मुंबईहून गेलेले पारशी भिकाजी बलसारा १९१० मध्ये हा दावा जिंकले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंद १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. उच्चवर्णीय म्हणून आपण आर्य, आणि आर्य म्हणून गोरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने सांगितले, की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. वंशाची ही अट १९५२ मध्ये गेली.

संकल्पनेचे मूळ कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ड्यू बॉइस यांच्या १९३५ च्या विवेचनात सापडते. गोऱ्या मजुराच्या हातात पैसे कमी पडले, तरी गोरेपणाचा मान हा त्याला एक प्रकारचा मानसिक पगारच होता, असे त्यांनी मांडले. (याच ड्यू बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.) पेगी मॅकिंटॉश या प्राध्यापिकेने १९८८ मध्ये स्वतःच्या रोजच्या आयुष्यातल्या अशा सोयींची यादीच केली आणि त्यांना पाठीवरच्या न दिसणाऱ्या पिशवीची उपमा दिली. शब्द रुळला तो तिथून.

या शब्दावरचा नेहमीचा आक्षेप असा, की अ‍ॅपलाशियाच्या डोंगराळ भागात कोळसा खाणीत राबणाऱ्या गरीब गोऱ्याला कसला आलाय विशेषाधिकार? आक्षेप पोकळ नाही. ‘विशेषाधिकार’ म्हटले की जहागिरी डोळ्यांसमोर येते, आणि पोलिसाने विनाकारण न अडवणे ही जहागिरी नव्हे, तो साधा हक्क आहे. पण संकल्पनेचे म्हणणे त्या माणसाला कष्ट पडले नाहीत असे नाही. त्याच्या कष्टांत वर्णामुळे आणखी भर पडली नाही, एवढेच आहे.

नोकरीच्या बाजारात हे मोजूनही पाहिले गेले. बोस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवण्यात आले. अर्जांची पात्रता सारखी होती. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी नावे घातली, तर काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांची वाटणारी. २००४ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटाला सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद आला. मिल्वॉकीतला २००३ चा प्रयोग त्याहून बोचरा आहे. तिथे तुरुंगवास भोगल्याचे सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांना १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. स्वच्छ नोंदीच्या कृष्णवर्णीय तरुणांना १४ टक्के.

तरीही सर्वांत खोल परिणाम घरांच्या बाबतीत झाला. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा सुरक्षित, लाल धोक्याचा. कृष्णवर्णीय वस्त्या जवळपास सरसकट लाल. कर्जाला हमी देणारे संघराज्याचे गृहनिर्माण खातेही याच नजरेने पाहत असे. डेट्रॉइटमध्ये एका विकासकाला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे हमी मिळेना. त्याने १९४१ मध्ये मधोमध सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत घातली. हमी मिळाली. भिंत आजही उभी आहे; परसदारांमागून जाते, आणि तिच्या एका भागावर आता रहिवाशांनी रंगवलेली चित्रे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा कायदा कागदोपत्री सर्वांना सारखा होता. पण कर्ज द्यायचे की नाही, हे स्थानिक बँका ठरवत. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांच्या पाहणीत १९४७ मध्ये या योजनेखाली ३,२२९ कर्जे मंजूर झाल्याचे आढळले. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली दोन.

सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असणे-नसणे नातवाच्या शिक्षणापर्यंत कसे पोचते हे ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. घर तारण ठेवून कॉलेजची फी भरता येते, धंद्याला भांडवल उभे राहते. शिवाय अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो, म्हणजे घरांच्या किमती पडलेल्या भागातली शाळाही गरीबच राहते. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. उत्पन्नातली तफावत याहून पुष्कळ कमी आहे.

घर विकताना-देताना वर्णभेद करण्यास १९६८ च्या कायद्याने मनाई केली. त्याआधीच्या अनेक खरेदीखतांत ‘हे घर गोऱ्यांखेरीज कोणास विकू वा भाड्याने देऊ नये’ अशा अर्थाचे कलम असे. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच न्यायालयांना त्याची अंमलबजावणी करण्यास मज्जाव केला, पण मजकूर खतांत तसाच राहिला. मिनेसोटात २०१९ पासून घरमालकाला अर्ज करून हे कलम रद्द झाल्याची नोंद घालून घेता येते. जुने घर घेणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कागदपत्रांत ते अजूनही निघते.