रक्त शरीरात फिरतं, हे कळायला एवढी शतकं का लागली?

शाळेच्या पुस्तकातली हृदयाची लाल-निळी आकृती आणि तिच्यावरचे बाण आपण एका तासात पाठ करतो. ती आकृती पूर्ण व्हायला मात्र जवळपास दीड हजार वर्षं गेली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन हा ग्रीक वैद्य होता. अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांमधून अवयवांकडे जातं आणि तिथेच खर्ची पडतं, असं तो सांगे. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असून त्यांतून थोडं रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, हीही त्याचीच शिकवण. माणसाचं शवविच्छेदन तेव्हा निषिद्ध होतं, त्यामुळे त्याचा आधार माकडं आणि डुकरं. तरीही तो मोठाच निरीक्षक होता. धमन्यांत हवा नसून रक्त असतं, हे त्यानेच दाखवलं. पुढच्यांनी त्याचा शब्द प्रमाण मानला आणि तपासणं सोडलं. खरं नुकसान तिथे झालं.

तेराव्या शतकात कैरोतल्या इब्न अल-नफीस यांनी स्पष्ट लिहिलं की पडद्याला छिद्रं नाहीतच, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. हे हस्तलिखित 1924 मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस पडलं, तेव्हा कुठे त्यांचं श्रेय जगाला कळलं.

युरोपात ही कोंडी फुटली ती इटलीतल्या पादुआ विद्यापीठामुळे. वेसालियसने तिथे स्वतःच्या हातांनी शवविच्छेदन केलं आणि 1543 मध्ये शरीररचनेचा सचित्र ग्रंथ छापला. त्याच विद्यापीठात फॅब्रिशियसने शिरांमधल्या झडपा दाखवल्या. त्या कशासाठी आहेत, हे मात्र त्याला नीट उमगलं नाही. ते उमगलं त्याच्या इंग्रज विद्यार्थ्याला, विल्यम हार्वीला.

हार्वीचं 1628 मधलं पुस्तक मला आजही थक्क करतं, कारण त्याचा युक्तिवाद साध्या गुणाकारावर उभा आहे. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा. अर्ध्या तासात हजार ठोके पडले, तरी 500 औंस होतात, म्हणजे 14 किलोच्या आसपास. एवढं रक्त अन्नापासून बनणार कसं आणि जाणार कुठे? तेच रक्त परत येत असलं पाहिजे. त्याने धरलेला आकडा कमीच होता. विश्रांतीतही आपलं हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलतं.

दुसरा पुरावा त्याने हातावर दाखवला. दंडाला पट्टी बांधली की शिरा फुगतात आणि झडपांच्या जागी गाठी दिसतात. शिरेवर एक बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथलं रक्त वरच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त उतरत नाही. खालचं बोट उचललं की तो लगेच भरतो. शिरेतलं रक्त हृदयाकडेच जातं, याला आणखी काय पुरावा हवा!

एक दुवा मात्र राहिला होता: धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये शिरतं कुठून? 1657 मध्ये हार्वी वारला, तेव्हा याचं उत्तर मिळालेलं नव्हतं. 1661 मध्ये मार्सेलो माल्पिगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि दोहोंना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्याला दिसल्या.