बार्बी : बाहुलीचा बदलता बांधा

बार्बी ही अमेरिकेच्या मॅटेल कंपनीची साडेअकरा इंची फॅशन बाहुली. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली गेली. कंपनीच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांना ती सुचली 'लिली' या जर्मन बाहुलीवरून. ही लिली मुळात 'बिल्ड' वृत्तपत्राच्या व्यंगचित्रांतली नखरेल तरुणी, लहान मुलांसाठी घडवलेली नव्हेच. तान्ह्या बाळांच्या बाहुल्या जोजवत आई होण्याचा सराव करणाऱ्या मुलींच्या हाती अशी एकदम भरल्या छातीची, चिमटीत मावेल अशा कमरेची बाई आली.

पहिल्या बार्बीची नजर तिरपी, बाजूला वळलेली होती. १९७१ च्या मालिबू बार्बीने समोर पाहिलं. रंगाच्या दोन ठिपक्यांचा फरक, पण दुसऱ्यांना स्वतःकडे बघू देणारी आणि स्वतः बघणारी यांत तेवढंच अंतर असतं. तिचे व्यवसाय मात्र शरीराच्या पुढे धावत राहिले. १९६५ मध्ये ती अंतराळवीर झाली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संचात तिच्यासोबत ११० पौंडांवर काटा रोखलेला वजनकाटा आला. जोडीला वजन कमी कसं करावं याचं चिमुकलं पुस्तकही होतं. मलपृष्ठावर एकच सल्ला, खाऊ नका!

१९६८ मध्ये क्रिस्टी ही कृष्णवर्णीय मैत्रीण आली, पण कृष्णवर्णीय बाहुलीला 'बार्बी' हेच नाव मिळायला १९८० उजाडलं. भारतात ती साडी नेसूनही विकली गेली. साडीखालचा बांधा तोच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंबर थोडी रुंदावली. खरा बदल २०१६ चा : उंच, बुटकी आणि भरल्या अंगाची असे तीन नवे बांधे आले. मूळ बार्बीचे कपडे भरल्या अंगाच्या बाहुलीला होईनात. एकीचा झगा दुसरीला, या सोयीवर चालणारा खेळ तिथे अडला.

पावलांची गोष्ट वेगळीच. कायम टाचा उचललेल्या असल्याने बार्बीला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नसे. १९५९ च्या पहिल्या बाहुल्यांच्या तळव्यांना तर भोकंच होती, स्टँडच्या खुंट्या त्यांत बसत. घोटा वळवून पाऊल सपाट टेकवता येणाऱ्या बार्बी २०१५ मध्ये आल्या.