इंटरफेस आयडी आणि उलटवलेला बिट : पार्श्वभूमी

आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्याच्या १२८ पैकी शेवटचे ६४ बिट म्हणजे इंटरफेस आयडी, नेटवर्कमधलं नेमकं यंत्र ओळखणारा भाग. ते आपल्या मर्जीने ठेवले तर मानक मोडतं का, या प्रश्नाचा घोळ मुख्यतः एका बिटाने घातला. १९९८ च्या नियमानुसार हा आयडी नेटवर्क कार्डाच्या ४८ बिटी मॅक क्रमांकावरून (कार्डाला कारखान्यातच मिळणाऱ्या ओळखीवरून) बनायचा : मधोमध 'एफएफएफई' घुसवायचं आणि पहिल्या बाइटमधला सातवा बिट उलटा करायचा. म्हणून ००:१६:३४ ने सुरू होणारं कार्ड पत्त्यात ०२१६:३४ असं दिसतं. (खरं तर 'एफएफएफई' ही निवडही गैरसमजातून झाली होती. नियमाच्या २००६ च्या आवृत्तीत तशी कबुली आहे, बदल मात्र नाही.)

उलटा कशासाठी? मॅकमध्ये हा बिट १ असला की क्रमांक स्थानिक, म्हणजे हाताने दिलेला. तो नियम जसाच्या तसा घेतला असता तर टनेल किंवा सिरियल लाइन अशा, मॅक नसलेल्या जोडणीला पत्ता देताना '::१' ऐवजी '०२००:०:०:१' टंकावं लागलं असतं. उलटवल्यामुळे आयडीत ० म्हणजे स्थानिक झालं. म्हणजे ही सोय हाताने पत्ते देणाऱ्यांसाठीच होती! पण १९९८ च्या त्याच नियमात 'आयडी याच साच्यात हवा' असंही वाक्य होतं, आणि अनेकांनी तेवढंच वाचलं. डीएनएस सर्व्हरला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्राला) हाताने '::५३' देणारा तेव्हाही नियमातच होता, कारण तिथे तो बिट ० आहे. बिट १ ठेवणं म्हणजे आयडी जगात एकमेव असल्याचा दावा. पुढेमागे एखादं तंत्र त्याचा फायदा घेईल या आशेवर तो राखला होता. तसं तंत्र काही रुजलं नाही.

मग खासगीपणाचा मुद्दा आला. घरी, ऑफिसात, कॅफेत तोच आयडी, म्हणजे माग काढणं सोपं. २००१ मध्ये तात्पुरते यादृच्छिक आयडी आले, तरी त्यातही हा बिट ० ठेवायचाच होता. २०१४ मध्ये अखेर जाहीर झालं की या बिटाला अर्थच नाही, ६४ बिट अपारदर्शक समजा, म्हणजे आत अर्थ शोधू नका. त्याच वर्षी नेटवर्कगणिक वेगळा पण स्थिर आयडी काढायची पद्धत आली आणि २०१७ पासून मॅक न वापरण्याची शिफारस.

आता बंधनं थोडीच. सगळे शून्य असलेला आयडी राउटरच्या एनीकास्टसाठी (अनेक राउटरचा मिळून एकच पत्ता) राखीव, वरच्या टोकाजवळचा १२८ आयडींचा एक पट्टाही राखीव, आणि दुव्यावर, म्हणजे त्याच स्थानिक नेटवर्कवर, तोच पत्ता दुसऱ्याकडे नाही ना, ही तपासणी सक्तीची. लिनक्समध्ये टोकन, म्हणजे आपण ठरवलेला आयडी, दिलं की प्रीफिक्स (पत्त्याचा पुढचा, नेटवर्कचा भाग) राउटरकडून येतो आणि शेपूट आपलं राहतं. ६४ ही लांबी मात्र अजून कायम आहे. अपवाद म्हणून दोन राउटरमधल्या थेट दुव्यावर /१२७, म्हणजे १२७ बिटी प्रीफिक्स, चालतो.