मिकी माउसची भित्तिचित्रे (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात बालवाड्या, अंगणवाड्या, शाळांची कुंपणे आणि सोसायट्यांच्या भिंतींवर रंगवली जाणारी मिकी माउस या कार्टून पात्राची चित्रे. लाल चड्डी, पिवळे बूट, पांढरे हातमोजे आणि दोन काळे गोल कान दिसले की अक्षरओळख नसलेले मूलही हे चित्र ओळखते. इथला मिकी बहुधा पाटी-पेन्सिल घेऊन उभा असतो, नाहीतर ओला कचरा हिरव्या आणि सुका कचरा निळ्या डब्यात टाकताना दिसतो.

पात्राचा जनक कोण, हा वाद जुना आहे. १९२८ साली ऑस्वल्ड हा कार्टून ससा वॉल्ट डिस्ने यांच्या हातचा गेला, कारण त्याचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते. न्यूयॉर्कहून परतताना आगगाडीत आपल्याला उंदीर सुचला, असे डिस्ने पुढे सांगत. त्याला ते मॉर्टिमर म्हणणार होते. मिकी हे नाव पत्नी लिलियन यांनी सुचवले, असेही सांगितले जाते. पण उंदराला रूप दिले ते त्यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी. ‘प्लेन क्रेझी’ हा पहिला मिकीपट आयवर्क्स यांनी जवळजवळ एकहाती काढला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकलेल्या ‘स्टीमबोट विली’च्या नामपट्टीवर डिस्ने यांच्या बरोबर आयवर्क्स यांचेही नाव आहे. १९३० मध्ये ते स्टुडिओ सोडून गेले, १९४० मध्ये परतले, आणि दरम्यान मिकी जगभर डिस्ने यांच्या एकट्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कल्पना आणि आवाज डिस्ने यांचा, हात आयवर्क्स यांचा, हीच मांडणी न्याय्य आहे. आगगाडीची गोष्ट कितीही गोड असली तरी तिच्यात हा हात दिसत नाही.

भिंतीवरचा हात तर सहसा पूर्ण निनावी असतो. पेंटर आधी पोपडे खरवडतो, भेगांत लांबी भरतो, प्रायमर मारून पांढरा हात देतो. छोट्या चित्रावर चौकटी आखून तेच प्रमाण भिंतीवर खडूने उतरवतो. कानांसाठी खिळा, सुतळी आणि टोकाला खडू पुरतो. मिकीने तोंड कुठेही वळवले तरी कान गोलच राहतात, त्यामुळे डोके एकदा जमले की निम्मे काम झाले. खरी कसोटी चेहऱ्याची. कपाळावरची काळ्या-पांढऱ्याची कड बोटभर सरकली तरी ओळखीचा चेहरा बिघडतो. म्हणून रंग भरून वाळले की काळी आउटलाइन शेवटी, एका दमात मारतात. हातमोजे १९२९ च्या ‘द ऑप्री हाउस’पासून आले. त्यांची चारच बोटे राखणारा पेंटर जाणकार समजावा.

२०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने महापालिकांनी भिंती रंगवण्यावर भर दिला. त्यामुळे नवी मुंबईत मिकीच्या आजूबाजूला रोहित पक्षी आणि वारली नक्षीही दिसते. वारली कला याच प्रदेशातली. लग्नघरात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक (लग्नाचे चौकोनी चित्र) लिहिणाऱ्या सवाशिणींची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत. शाळेच्या भिंतीवर देणगीदाराचे नाव ठसठशीत असते, पेंटरचे क्वचितच. ही उणीव भरून काढायला कोपऱ्यात एक ओळ पुरे आहे.

अमेरिकेत १९२८ चा कृष्णधवल मिकी १ जानेवारी २०२४ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाला. इथल्या भिंतींवर मात्र नंतरचा रंगीत मिकीच असतो, आणि त्यावर डिस्ने कंपनीचे व्यापारचिन्हाचे हक्क कायम आहेत.

कोकणपट्टीच्या पावसात ही चित्रे फार टिकत नाहीत. कुंपणाच्या पायथ्याशी ओल चढते, बुटांचा पिवळा रंग शेवाळाने आधी काळवंडतो, वरचे कान बरीच वर्षे शाबूत राहतात. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी, मे महिन्यात भिंत कोरडी असताना डागडुजी करतात. अलीकडे त्या वेळी छोटा भीम किंवा डोरेमॉनची मागणी जास्त होते आणि मिकी वर्गाच्या दारापुरता उरतो.