सलगमाची पेरणी आणि अडवलेला अध्यक्ष

२०१२ च्या अमेरिकी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष बराक ओबामा यांचे समर्थक एक गोष्ट हटकून सांगायचे: माणूस काम करायला बसलाय, पण समोरचे करू देत नाहीत, मग शिक्षा त्याला का? समोरच्या रिपब्लिकन पक्षाचा सवाल असायचा की चार वर्षांत जमलं नाही, ते आणखी चार वर्षांत कुठून जमणार? वाद नवा वाटला तरी तो १९४८ पासूनचा आहे.

आपल्याकडे हा पेच असा उभाच राहत नाही. लोकसभेतलं बहुमत गेलं की पंतप्रधान जातो. अमेरिकेत अध्यक्षाची निवड वेगळी आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, वेगळी. प्रतिनिधीगृह दर दोन वर्षांनी नव्याने निवडलं जातं. त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, असा संसार तिथे वर्षानुवर्षं चालतो.

डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरी ट्रुमन अध्यक्ष रूझवेल्टच्या निधनामुळे एप्रिल १९४५ मध्ये अध्यक्ष झाले. १९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहं, प्रतिनिधीगृह आणि सिनेट, रिपब्लिकनांकडे गेली. कामगार संघटनांना वेसण घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरून रोखला, तर काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी तो नकारच मोडीत काढला. १९४८ उजाडलं तेव्हा ट्रुमन हरणार, याबद्दल राजकीय पत्रकारांच्या मनात शंकाच उरली नव्हती.

जुलैमध्ये फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. नागरी हक्कांच्या ठरावावरून दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून गेले. सभागृहात उकाडा असह्य. ट्रुमन बोलायला उभे राहिले तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. त्याआधी शांततेचं प्रतीक म्हणून फुलांच्या घंटेतून कबुतरं सोडली. काही आतच गुदमरून मेली होती, उरलेली घाबरून सभागृहभर फडफडत सुटली. या गोंधळानंतर पांढऱ्या सुटातल्या ट्रुमननी बॉम्ब टाकला. रिपब्लिकनांनी महिन्याभरापूर्वी याच सभागृहात भरलेल्या आपल्या पक्षाच्या अधिवेशनात घरं, महागाई, नागरी हक्क यांवर आश्वासनं दिली होती ना? मग निवडणुकीची वाट कशाला? मी काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावतो, आत्ताच करून दाखवा. तारीख २६ जुलै. त्यांच्या मिसुरी राज्यातले शेतकरी या दिवसाला सलगमाचा, म्हणजे सलगम पेरायचा, दिवस म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. मृगाची पेरणी चुकवू नये म्हणतात ना, तसंच काहीसं. ट्रुमन स्वतः मिसुरीत नांगर धरलेला माणूस.

अधिवेशन दोन आठवडेही चाललं नाही, आणि हाती फारसं काही आलं नाही. ट्रुमनना तेच हवं होतं. पुढे गावोगावी आगगाडी थांबवून, शेवटच्या डब्याच्या सज्जातून ते ‘निकम्म्या काँग्रेस’चे वाभाडे काढत फिरले. खरं सांगायचं तर हा आरोप अन्यायाचा होता. युद्धाने मोडलेल्या युरोपला मदत देणारी मार्शल योजना याच काँग्रेसने मंजूर केली होती. आणि २६ जुलैलाच ट्रुमननी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, काँग्रेसला न विचारता. म्हणजे हात पूर्ण बांधलेले नव्हतेच.

नोव्हेंबरमध्ये ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ अशा निर्वाचक मतांनी (राज्याराज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्युईंना हरवून निवडून आले. पण महत्त्वाचा निकाल दुसराच होता: मतदारांनी त्याच दिवशी दोन्ही सभागृहंही डेमोक्रॅटांच्या हवाली केली. एवढं होऊनही राष्ट्रीय आरोग्य विमा झाला नाही, टाफ्ट-हार्टली कायदा रद्द झाला नाही. आता अडवणारे त्यांच्याच पक्षाचे, दक्षिणेतले होते.

१९९६ चा किस्सा थोडक्यात. डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यासमोर रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच होते. अर्थसंकल्पाच्या वादात १९९५ च्या अखेरीस सरकारी कचेऱ्यांना दोनदा टाळं लागलं, दुसऱ्यांदा २१ दिवस. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना अध्यक्षांच्या विमानाच्या मागच्या दाराने उतरवलं, अशी कुरकुर गिंग्रिचनी जाहीरपणे केली आणि न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने त्यांना पहिल्या पानावर लंगोटातलं रडकं बाळ करून छापलं. क्लिंटन सहज जिंकले. काँग्रेस मात्र रिपब्लिकनांकडेच राहिली.

ओबामांची अडचण याहून चिवट. २०१० मध्ये प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या. ओबामांना एकाच कारकिर्दीवर थांबवणं हे आपलं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट, असं सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी त्याच वर्षी उघड सांगितलं. सिनेटमध्ये बहुमत असूनही वादग्रस्त विधेयकाला १०० पैकी ६० मतं जमवावी लागत. २०११ च्या उन्हाळ्यात सरकारी कर्जाची मर्यादा वाढवण्यावरून इतकं ताणलं गेलं की देशाची पतश्रेणी पहिल्यांदाच घसरली. सप्टेंबरात मांडलेलं ४४७ अब्ज डॉलरचं रोजगार विधेयकही एकसंध मंजूर झालं नाही. मग ओबामांनी ‘आम्ही थांबू शकत नाही’ म्हणत आदेशांचा रस्ता धरला. लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या तरुणांना दिलासा देणारा जून २०१२ चा निर्णय त्यातलाच. ट्रुमनसारखं त्यांनी काँग्रेसला निवडणुकीचा मुख्य शत्रू मात्र केलं नाही. प्रचाराचा रोख रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नींवर राहिला. माझ्या मते चूक तिथे झाली. आपण पुन्हा जिंकलो की विरोधकांचा ‘ताप उतरेल’, अशी आशा ते बोलून दाखवत.

६ नोव्हेंबरला ते ३३२ विरुद्ध २०६ असे जिंकले. त्याच दिवशीच्या मतदानातून प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांना २३४ जागा मिळाल्या, जरी देशभरात डेमोक्रॅट उमेदवारांची एकूण मतं दहा लाखांहून जास्त होती. कित्येक राज्यांत मतदारसंघांच्या नव्या सीमा २०१० मध्ये जिंकलेल्या रिपब्लिकनांनीच आखल्या होत्या. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला सरकारी कचेऱ्यांना पुन्हा टाळं लागलं, ते १६ दिवसांनी उघडलं.