आठवड्यातला एक तास आमचा, बाकीचे तुमचे

ऑक्युपेशनल थेरपी सुरू करणाऱ्या पालकांसाठी

ऑक्युपेशन म्हणजे व्यवसाय. लहान मुलाचा 'व्यवसाय' म्हणजे खेळणे, जेवणे, कपडे घालणे-काढणे, झोपणे आणि घरातल्या माणसांत वावरणे. यातले जे वयानुसार जमत नाही ते जमवून देणे हे आमचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे, काम. फिजिओथेरपिस्ट मूल बसते कसे, चालते कसे हे पाहतो. बसल्यावर त्याचे हात मोकळे राहतात का आणि त्या हातांनी ते काय करते, हे आम्ही पाहतो. दोन्ही कामांच्या सीमा एकमेकींत मिसळतात, आणि त्यात मुलाचा फायदाच आहे.

दीड-दोन वर्षांचे मूल आठवड्यात साधारण 80 तास जागे असते. त्यातला एक तास आमच्याकडे जातो. म्हणून त्या तासात आम्ही मुलाइतकेच तुम्हालाही शिकवतो. मूल आत सोडून तुम्ही बाहेर बसलात, तर अर्धी थेरपी वाया गेली असे समजा.

कधी यावे

चार महिने पूर्ण झाले तरी मान स्थिर नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिने झाले तरी स्वतःहून चालत नाही, तर 'थोडे थांबून पाहू' म्हणू नका. वर्षाच्या आत मूल एकच हात पुढे करत असेल आणि दुसऱ्याची मूठ वळलेली राहत असेल, तर घरात कौतुकाने 'डावखुरा आहे' म्हटले जाते. पण डावा-उजवा हात इतक्या लवकर ठरत नसतो. दुसरा हात नीट चालत नसण्याची ती खूण असू शकते. आधी येत असलेली गोष्ट मूल विसरले, मग ती बडबड असो की बसणे, तर आमच्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, तेही लगेच.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजतात. 32 व्या आठवड्यात जन्मलेले बाळ 40 आठवड्यांच्या हिशोबाने 8 आठवडे लवकर आलेले असते. ते सहा महिन्यांचे झाले, की त्याच्याकडून साधारण चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची.

निदानाचा कागद हातात येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. श्रवणचाचणी आणि डोळ्यांची तपासणी मात्र आधी करून घ्या. खुळखुळ्याकडे न वळणाऱ्या मुलाला कदाचित तो ऐकूच येत नसेल.

पहिली भेट

साधारण 60 ते 90 मिनिटे लागतात. जन्माच्या वेळची कागदपत्रे, नेहमीचा चमचा, आवडते खेळणे आणि घरी जेवताना-खेळताना काढलेले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ आणा. नव्या जागी मूल बुजते, व्हिडिओत ते खरे दिसते. झोपेची वेळ टाळा, नाहीतर विकासाऐवजी पेंगच तपासली जाते.

तपासणीनंतर पालक गुण विचारतात. त्यापेक्षा मूल नेमके कुठे अडते ते विचारा, कारण पुढचे उद्दिष्ट त्यावरून ठरते. 'हाताची ताकद वाढवणे' हे मोजता येत नाही. 'तीन महिन्यांत, पाय टेकवून बसलेले असताना, चमच्याने घेतलेल्या पाच घासांपैकी तीन न सांडता तोंडात' हे मोजता येते.

आधी बैठक

घरी सगळ्यात लवकर फरक पडतो तो खुर्चीने. पाय लोंबकळत असले, की तोल सावरण्यात हात गुंततात आणि चमचा सांडतो. दोष हाताला दिला जातो, बिघाड खुर्चीत असतो. कंबर, गुडघे आणि घोटे, तिन्ही जवळपास काटकोनात हवेत. तळव्यापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतचे अंतर मोजा, तेवढीच बैठकीची उंची. खुर्ची उंच असेल तर पायांखाली न हलणारा खोका ठेवा. बैठकीची कड आणि गुडघ्याची खोबण यांत दोन बोटे जागा राहू द्या. टेबल कोपराच्या उंचीचे. मऊ उशा भोवती कोंबू नका, त्यात कंबर मागे घसरते आणि पाठीला पोक येतो.

पालथे

बाळ जागे असताना, तुमच्या नजरेसमोर, दोन-तीन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा पालथे ठेवा. दूध पाजल्यावर अर्धा तास नको. टॉवेलची गुंडाळी छातीखाली, काखेच्या रेषेत ठेवा आणि दोन्ही कोपर खांद्यांच्या किंचित पुढे आणा. खेळणे हातभर लांब नको, साधारण 25 सेंटिमीटरवर. फार रडले तर तुम्ही मागे रेलून बसा आणि बाळाला छातीवर पालथे घ्या. झोपवायचे मात्र नेहमी पाठीवरच.

पायमोजा, शेवटाकडून

मोजा घालायला शिकवताना आपण सुरुवातीपासून शिकवतो. मूल बोटांपाशी अडकते, चिडते, आणि मग आपणच घालून टाकतो. उलट करा. मोजा टाचेवरून घोट्यापर्यंत तुम्ही चढवा, शेवटचा ओढा तेवढा मुलाला द्या. काम त्याच्या हातून पूर्ण होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पाय पुढे करते. सलग तीन दिवस जमले, की टाचेवरून चढवणेही त्याच्याकडे. सगळ्यात शेवटी बोटे आत घालणे. काढायला शिकणे घालण्यापेक्षा सोपे असते, तेव्हा तिथून सुरू करा. मोजा थोडा मोठा आणि सैल घ्या.

बहुतेक घरांत हे फसते ते वेळेमुळे. सकाळी बाहेर पडायच्या घाईत शिकवू नका. एकदा सांगा आणि मनात दहा आकडे मोजा. पालकांना ते दहा आकडे फार जड जातात, आणि मुलाची हालचाल बहुधा सातव्या-आठव्याला सुरू होते!

विचारली जाणारी दोन साधने

बसवून फिरवायचा चाकांचा वॉकर नको. त्यात मूल चवड्यांवर ढकलत सुटते, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि जिन्यावरून पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाडा निराळा, पण तो मूल धरून स्वतः उभे राहू लागल्यावरच.

झोके, ब्रश, वजनदार जाकिटे यांचा विचार अमेरिकन थेरपिस्ट जीन एअर्स यांच्या संवेदन-एकात्मीकरणाच्या, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल यांच्या संवेदना मेंदूत एकत्र जुळवण्याच्या, मांडणीतून पुढे आला. बेचैन मुलाला झोका शांत करू शकतो, पण बटण लावायला बटणच लावावे लागते. वजनदार पांघरूण बाळाला कधीही घालू नका.

वहीत रोज एक ओळ

तारीख, काय केले, किती वेळा जमले, कुठे अडले. ताप, नवे औषध किंवा झटका (फिट) आला असेल तर तेही लिहा आणि सत्राआधी सांगा. 10 ते 12 आठवड्यांत वही जागची हलली नाही, तर उद्दिष्ट किंवा पद्धत चुकली असे धरून आम्ही ती बदलतो. दोन दिवस राहून गेले तर मागच्या तारखा भरू नका, रिकामी जागाही आम्हाला उपयोगी पडते.