राजमा, स्लो कुकर आणि उतरती आच

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं. त्याच्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेत बहुतेक वेळा राजम्याबद्दल एक सूचना असते. दाणे भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मगच या भांड्यात घाला. अमेरिका-इंग्लंडमधल्या अनेक मराठी घरांत हे भांडं असतं आणि ही सूचना वाचून कपाळाला आठी पडतेच. आधी गॅसवर उकळायचंच असेल, तर हे भांडं कशाला घेतलं? त्यातही गंमत अशी, की हे यंत्र मुळात कडधान्यासाठीच जन्माला आलं. बाजारात त्याचं पहिलं नाव होतं 'नॅक्सन बीनरी'. बीन्स शिजवायचं भांडं, इतकाच त्याचा अर्थ. (बीन्सला मराठीत एक शब्द नाही. वाल, पावटा, चवळी, घेवडा, प्रत्येकाला आपलं नाव आहे आणि प्रत्येकाची शिजण्याची तऱ्हाही वेगळी. हा फरक पुढे कामाला येणार आहे.)

गोष्ट सुरू होते लिथुआनियातल्या विल्ना शहरात, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये. तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये, असं बायबलच्या 'निर्गम' ग्रंथात स्पष्ट सांगितलं आहे. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवं. यावर निघालेली तोड म्हणजे चोलंट: मांस, बटाटे, बार्ली आणि पांढऱ्या घेवड्याचे दाणे एकत्र घातलेलं दाट कालवण. शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची झाकणबंद भांडी गावच्या बेकरीत जायची. पाव भाजून झालेला असायचा, भट्टी अजून तापलेली असायची. भांडी आत सरकवून तोंड बंद करायचं. विटांमध्ये साठलेला ताप रात्रभर हळूहळू उतरत जायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेहून परतताना आपापलं भांडं घरी न्यायचं.

या पदार्थाचं जुनं हिब्रू नाव 'हमीन', म्हणजे ऊनऊन. घेवड्याचा दाणा मात्र त्यात बराच उशिरा आला. तो मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर तो युरोपात उतरला. त्याआधी हमीनमध्ये हरभरा आणि बाकला असायचा. शब्बाथ आपल्यालाही अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

विल्नात वाढलेली तमारा नावाची एक स्त्री पुढे अमेरिकेत गेली. लहानपणी बेकरीत भांडं पोहोचवायला जायची आठवण ती आपल्या मुलाला सांगत असे. मुलगा होता अर्व्हिंग नाखुमसोन. पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकेत जर्मन वळणाच्या नावांबद्दल कडवटपणा होता, तेव्हा त्याने आडनाव छोटं करून 'नॅक्सन' केलं. शिकागोत राहणारा हा इंजिनिअर डोक्यात सतत नवं काही शिजत असलेला माणूस. विजेच्या दिव्यांवर सरकत जाणाऱ्या बातम्यांच्या पट्टीचं एक आद्य रूपही त्याच्या नावावर आहे. आईच्या आठवणीतली भट्टी विजेवर चालवता येईल का, असा विचार करून त्याने १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि जानेवारी १९४० मध्ये ते मिळालं.

त्याची युक्ती साधी आणि हुशारीची होती. शेगडीवर आच खालून लागते, म्हणून बूड करपतं आणि वरचा भाग कच्चा राहतो. नॅक्सनने तापणारी तार भांड्याच्या भोवती गुंडाळली, म्हणजे ताप चारी बाजूंनी सारखा. ढवळायला उभं राहायची गरज नाही. वीजही थोडी लागते.

बीनरी विकली गेली, पण गाजली नाही. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला, तेव्हा हे भांडं इतर मालाबरोबर जणू पदरात पडलं. कंपनीने त्याला नवं रूप आणि नवं नाव दिलं. १९७१ मध्ये शिकागोच्या घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनात ते 'क्रॉक-पॉट' म्हणून मांडलं गेलं. अमेरिकेत नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती आणि सकाळी भांडं लावून संध्याकाळी तयार जेवण, ही जाहिरात त्यांच्यासाठीच होती. १९७१ मधली २० लाख डॉलरची विक्री १९७५ मध्ये ९ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. १९७४ पासून आतलं चिनीमातीचं भांडं सुटं निघू लागलं. मला विचाराल तर खरी सोय तीच. त्याआधी अख्खं यंत्र वायर सांभाळत घासणं म्हणजे शिक्षाच असणार. या धामधुमीत नावातून बीन्स गेले आणि पाककृतींतही मांसाच्या मोठ्या तुकड्यांनी पुढची जागा घेतली.

राजम्याची भानगड उघडकीस आली ती इंग्लंडमध्ये. १९७६ मध्ये सहलीला गेलेल्या काही शाळकरी मुलांनी नुसतेच भिजवलेले, न शिजवलेले राजम्याचे दाणे खाल्ले आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. पुढच्या काही वर्षांत अशा आणखी घटना नोंदल्या गेल्या. कुठे दाणे सॅलडमध्ये कच्चे पडले होते, तर कुठे ते मंद आचेच्या भांड्यात शिजवलेले होते. कारण होतं फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन. रक्तातल्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवण्याचा त्याचा गुण आहे आणि त्यावरूनच त्याची मात्रा मोजतात. कच्च्या लाल राजम्यात ती २०,००० ते ७०,००० एकक असते, पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मग जुलाब. माणूस सहसा काही तासांत सावरतो, पण ते तास कुणी विसरत नाही.

लंडनचे पोषणशास्त्रज्ञ अर्नोल्ड बेंडर यांनी या दाण्यांवर काम केलं, तेव्हा एक विचित्र बाब पुढे आली. दाणे ८० अंशांपर्यंतच तापवले तर त्यांचा विषारीपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. अन्नसुरक्षेच्या साहित्यात हा आकडा कच्च्या दाण्याच्या पाच पट असा दिला जातो. १०० अंशांची खरी उकळी मात्र ते प्रथिन मोडते. आणि स्लो कुकरमध्ये केलेल्या पदार्थांचं तापमान मोजलं, तेव्हा ते बऱ्याचदा ७५ अंशांच्या पलीकडे गेलेलंच नव्हतं. हे भांडं सगळ्यांत मंद खुणेवर लावलं, तर दाणे मऊ होतात, चवीला शिजल्यासारखे लागतात आणि तरी बाधतात.

मग विल्नातले लोक पिढ्यान् पिढ्या चोलंट खाऊन आजारी का पडले नाहीत? पांढऱ्या घेवड्यात हे प्रथिन लाल राजम्याच्या साधारण एक तृतीयांश असतं, हा एक भाग झाला. पण मोठं कारण आचेच्या दिशेत आहे, असं मला वाटतं. पाव भाजून निघालेली भट्टी सुरुवातीलाच कडक तापलेली असते, मग उतरत जाते. शिवाय सूर्यास्ताआधी अन्न निम्मं तरी शिजलेलं असावं, हा दंडक धर्मशास्त्रात चर्चिलेला आहे, म्हणजे काही घरांत भांडं आधी चुलीवर उकळूनही घेत असावेत. विजेचं भांडं नेमकं उलट चालतं. गार पाण्यात दाणे घालून बटण फिरवलं, की आच तासन् तास हळूहळू चढते आणि नको त्या पट्ट्यात रेंगाळते. नॅक्सनने भट्टीचा वेळ आणि तिची मंदी यंत्रात आणली, तिची पहिली धग तेवढी मागे राहिली. पुस्तिकेतली ती १० मिनिटं म्हणजे ही राहिलेली धग. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर खबरदारी म्हणून ३० मिनिटं उकळायला सांगितलं आहे.

दाणे मऊ न होण्याची तक्रार वेगळी, तिचा विषाशी संबंध नाही. आंबट आणि कॅल्शियम असलेले पदार्थ दाण्याची भिंत घट्ट धरून ठेवतात. बोस्टनचे बेक्ड बीन्स शनिवारच्या रात्रीसाठी दिवसभर शिजत ठेवले तरी लगदा होत नाहीत, कारण त्यांत मोलॅसिस असतं, म्हणजे आपल्या काकवीसारखी साखरेची मळी. आपण उसळीत चिंच-आमसूल दाणे शिजल्यावर घालतो, त्याचंही शास्त्र हेच. पंजाबी राजम्यात टोमॅटो आधीच घातला आणि तो स्लो कुकरमध्ये लावला, तर आठ तासांनंतरही दाणे कचकच लागू शकतात. जुनाट दाणे आणि क्षारांचं जड पाणी यांचीही तीच तऱ्हा.

महाराष्ट्रात हे भांडं रुजलंच नाही. त्याची जागा आधीच भरलेली होती. चुलीला वैल असायचा, मुख्य जाळाची उरलेली धग घेणारा. पुढच्या तोंडावर उकळलेली डाळ त्यावर सरकवून भाकऱ्या थापायच्या. म्हणजे आधी धग, मग मंद आच. पुढे प्रेशर कुकर आले. मुंबईत हॉकिन्स कंपनी १९५९ मध्ये सुरू झाली आणि त्याच सुमारास प्रेस्टीजचेही कुकर भारतात बनू लागले. शिट्टी होते तेव्हा आतलं तापमान साधारण १२० अंश असतं, त्यापुढे या प्रथिनाचा निभाव लागत नाही. म्हणून राजम्याने विषबाधा, हे आपल्याकडे ऐकूनही ठाऊक नसतं.

पण दाणा तोच आहे. साताऱ्यातल्या कोरेगावच्या ज्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो अंगावर वाघासारखे पट्टे मिरवणारा राजम्याचाच सख्खा भाऊ, त्याच जातीचा. मूग, मसूर, तूर, मटकी यांची गोष्ट वेगळी, त्यांत हे प्रथिन नगण्य असतं. सुट्टी संपवून परत जाताना कुणी बॅगेत वाघ्या घेवड्याची पिशवी टाकली असेल आणि तिकडे ओट्यावर स्लो कुकर असेल, तर रात्रभर भिजवलेलं पाणी ओतून द्यावं, दाणे आधी पातेल्यात खळखळून उकळून घ्यावेत आणि मग त्या भांड्याच्या हवाली करावेत. आमसूल शेवटी.